नथ्थूजी कारबेटर उघडतात

नथ्थूजींच्या अंगणात शिरायचं तर आधी फाटकाशी खिसे उलटे करून दाखवावे लागत. आगपेटी असली तर बाहेरच्या कोनाड्यात ठेवायची, विडी पेटलेली असली तर पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, आणि जोड्याला नाल ठोकलेला असला तर जोडाही बाहेर, कारण नाल दगडावर घासला की ठिणगी उडते. एकदा गावचे पटवारी कामाला आले आणि या झडतीवर भडकले.

"अन् पेटलं तं?" नथ्थूजींनी विचारलं.

पटवाऱ्यांनी अंगणावरून नजर फिरवली. एक निंबाचं झाड, एक बाज आणि एक कोंबडी, एवढाच ऐवज होता.

"येथं काय पेटन, नथ्थूजी?"

"थेच तं सांगता येत नाही ना, बाप्पा!"

शेवटी पटवाऱ्यांनी आगपेटी कोनाड्यात ठेवली आणि अनवाणी आत गेले.

"अन् पेटलं तं?" हा प्रश्न नथ्थूजी कशाबद्दलही विचारत. कोणी लग्नाचं बोलवायला आलं की तारीख विचारायच्या आधी मांडव कशाचा घालणार ते विचारत. दिवाळी हा सण कोण्या वैऱ्याने काढला असावा असं त्यांचं मत होतं. घरात एकटेच. बायको फार वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न केलं नाही. स्वतःची भाकरी स्वतः थापत, पण भाकरी तव्यावरून उतरली की आधी विस्तवावर पाणी ओतत आणि मग जेवायला बसत. त्यामुळे त्यांच्या घरची भाजी कायम अर्धी कच्ची असे आणि घर कायम धुराने भरलेलं.

हा माणूस तरुणपणी अकोटला कापसातली सरकी काढायच्या एका जिनात इंजिनावर होता, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नसे. तिथे त्यांनी कापसाच्या गंजीला लागलेली आग पाहिली. माणूस कोणी दगावलं नाही. पण नथ्थूजी त्याच आठवड्यात वळकटी बांधून आमच्या शेंदूरजनाघाटला परत आले ते पुन्हा कधी इंजिनाजवळ गेले नाहीत. इंजिनाची विद्या मात्र डोक्यात तशीच राहिली. लोक हसत. मीही हसत असे.

मग एक दिवस मलाच त्यांच्या दारात जावं लागलं, आणि माझं हसू मावळलं.

लढाईचे दिवस होते. माझ्या वडिलांनी संत्र्याची कलमं लावून बाग उभी केली होती आणि विहिरीवर एक जुनं छोटं इंजिन घेऊन बसवलं होतं. पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि रॉकेलवर चालायचं. पुढच्याच पावसाळ्यात वडील तापाने गेले. रॉकेल मिळेना, इंजिन बंद पडलं, आणि आम्ही काही वर्षं मोटेवर भागवलं. पण त्या साली पाण्याने दगा दिला. झाडांना ताण दिला, म्हणजे पाणी बंद केलं, मग पाणी सोडून ताण तोडला, बहार असा आला की बागेत शिरलं की वासाने डोकं भणभणायचं. फळं हरभऱ्याएवढी झाली आणि विहीर खाली गेली. मोट चिखल घेऊन वर येऊ लागली. विहिरीच्या आत एका बाजूला डोह होता, त्यात पाणी होतं, पण ते फक्त इंजिनाच्या नळालाच ओढता आलं असतं.

सकाळी बागेत गेलं की पायाखाली गळलेली फळं कुरकुरत. आई ती वेचून ओच्यात घेई आणि कुठे टाकावी हे न सुचून तशीच उभी राही. फळं तर जाणारच होती, पण वैशाखात झाडंही गेली असती. वडिलांच्या हातचं आमच्याकडे तेवढंच उरलं होतं. मला रात्री झोप लागत नसे.

धावपळ करून रॉकेलचा आणि थोड्या पेट्रोलचा परवाना मिळवला. इंजिन काही बोलेना. कारबेटर, म्हणजे ज्या भांड्यात तेल आणि हवा एक होऊन इंजिनात जातात ते, गंजून पार बसलं होतं. ते सोडवून मी अमरावतीला नेलं. तिथल्या मिस्त्रीने ते नाकाजवळ नेलं, हलवलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाला, "नवीन आन." नवीन विलायतेहून यायचं, आणि विलायतेहून तेव्हा लढाईच्या बातम्यांशिवाय काही येत नव्हतं.

नथ्थूजींनी माझं सगळं ऐकून घेतलं. अर्थातच फाटकाशी, खिसे उलटे केल्यावर. मग ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मी समजलो की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ते आमच्या दारात उभे, दोन्ही हातांत वाळूच्या बादल्या.

"चूल इझवा वैनी," त्यांनी आल्या आल्या आईला सांगितलं.

"अवो भाऊजी, भाकरी व्हाच्या हायेत अजून!"

"शिळी खाऊ. जळून मरन्यापक्षा शिळी बरी."

तेव्हापासून आमच्या घरी सूर्य असेपर्यंत चूल पेटली नाही. आम्ही शिळी भाकर आणि कांदा खात होतो. शेजारणीचं जातं त्यांनी बंद पाडलं, कारण दगडावर दगड फिरतो. आमच्या अंगणातली कोंबडी हाकलली, कारण ती गोट्यावर चोच मारते. ओल्या गोणपाटांची रास घातली. पेट्रोलची डबी त्यांनी आमच्या दारच्या निंबाच्या सावलीत, खड्ड्यात, ओल्या वाळूत ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून ते कधीही बसले नाहीत. भीती खरजेसारखी असते, जवळ बसणाऱ्याला लागतेच. पहिले दोन दिवस मी गालात हसलो. तिसऱ्या दिवशी मीच दर घटकेला आपले खिसे चाचपत होतो, आणि झोपेत मला बाग जळताना दिसू लागली.

स्क्रू इतके बसले होते की गरम केल्याशिवाय सुटले नसते. विस्तवाचं तर नाव नको. नथ्थूजींनी कारबेटर टिनाच्या पत्र्यावर भर उन्हात ठेवलं, हात लावला की चटका बसेल इतकं तापू दिलं आणि मग त्यावर माठातलं थंड पाणी सोडलं. असं करून करून एकेक स्क्रू सुटला. आत पाहिलं. खालच्या तेलाच्या वाटीत तळाला मोरचुदासारखा निळसर-हिरवा थर, बारीक भोकं बुजून गेलेली. नथ्थूजींनी घरातून परात मागवली. मग सगळे भाग रॉकेलच्या परातीत बुडवून त्यांनी वर झाकण घातलं. "याले कोनी हात लावाचा नाही," एवढं सांगून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी घरातलं झाडून सारं पितळ चिंचेने निघतं, हे नथ्थूजींसारख्या एकट्या माणसाच्या ध्यानात कुठून असणार? सकाळी ते आले. परात रिकामी! मी तर आंघोळीला गेलो होतो. त्यांची हाक ऐकून ओलाच धावत आलो. नथ्थूजी देवघराच्या उंबऱ्यावर उभे होते आणि बोट पुढे करून देव्हारा दाखवत होते.

देव्हाऱ्यात, ताम्हण आणि समईच्या मधोमध कारबेटर बसलं होतं, सुटे भाग त्याच्यापुढे मांडलेले. चिंच आणि राखेने घासून सोन्यासारखं लखलखत होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, वर चाफ्याचं फूल होतं, आणि वीतभर अंतरावर निरांजन तेवत होतं. रॉकेलचा वास मला उंबऱ्यावर येत होता.

नथ्थूजी दोन ढांगांत पुढे गेले आणि त्यांनी ती ज्योत उघड्या बोटांनी चिमटीत धरून विझवली. बोटं पोळली. मग खाली बसले आणि त्यांनी कारबेटर कानाशी धरून हलवलं.

"राख," ते पुटपुटले. "वैनी, याच्या पोटात राख भरली ना तुमी!"

आई कावरीबावरी झाली. "पितळ हाय म्हून घासलं, भाऊजी. त्याईनं आनलेलं हाय. सनाच्या दिशी देवापाशी ठेवावं वाटलं, आनखी काय?"

माझ्या वडिलांचा विषय निघताच रागावण्यासाठी उघडलेलं तोंड नथ्थूजींनी मिटलं. "वरून लय चांगलं निघालं," ते म्हणाले आणि बोटांवर फुंकर घालत बाहेर गेले.

राख काढायला त्यांना पुढचे कितीतरी दिवस लागले. सायकलच्या पंपाने हवा मारायची, रॉकेलने धुवायचं, पुन्हा हवा. सर्वांत बारीक भोक होतं ते तेलाच्या पितळी तोटीचं. मी सुई आणली तर त्यांनी ती हिसकावली. सुईने भोक मोठं होतं, मग इंजिन तेल पितं आणि काळा धूर ओकतं. त्यांना घोड्याच्या शेपटीचा केस हवा होता. टांगेवाल्याला विनवून मी केस आणत राहिलो. शेवटी टांगेवाला मला पाहिलं की घोडा वळवू लागला.

तेवढ्यात नवं संकट निघालं. वाटीत तेलावर तरंगणारा एक पितळी भोपळा असतो, पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसला, पण पेरूएवढा. तो गंजून त्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं होतं आणि आत जुनं पेट्रोल शिरलं होतं. छिद्र बुजवायचं तर कथलाचा डाग द्यायचा आणि डाग द्यायचा तर विस्तव. नथ्थूजींचा चेहरा राखेसारखा झाला. भोपळा उन्हात कोमट केलेल्या पाण्यात बुडवून, बुडबुडे मोजल्यासारखे बघत त्यांनी आतलं पेट्रोल बाहेर काढलं आणि मग दिवसच्या दिवस तो उन्हात ठेवला. इकडे फळं गळतच होती. मी रडकुंडीला आलो. "काका, आता पुरे करा!" तर म्हणायचे, "अन् पेटलं तं?"

अखेर कल्हईवाले हुसेनभाई आले. "नथ्थूजी, हमने बरात की देगें कलई की हैं, ये तो सुपारी है," म्हणून ते हसले. त्यांनी शेगडी फुलवली. नथ्थूजी निंबाच्या बुंध्याआड ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन उभे राहिले आणि मला त्यांनी आणखी मागे उभं केलं. हुसेनभाईंनी डाग टेकवला आणि फट्ट! आतला उरलासुरला वास पेटला. हुसेनभाईंची टोपी निखाऱ्यात पडली. भोपळा मात्र शाबूत राहिला आणि डागही बसला. जाताना हुसेनभाई नथ्थूजींकडे वेगळ्याच नजरेने पाहत होते.

कारबेटर इंजिनावर चढलं तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. इंजिनाच्या खोपीचं गवताचं छप्पर नथ्थूजींनी आधीच उतरवायला लावलं होतं. नुसत्या मातीच्या चार भिंती आणि एक दार राहिलं होतं. त्यांनी आईला आणि मला बागेच्या पार पलीकडच्या बांधावर पाठवलं.

"हँडल मी मारतो ना, काका," मी म्हणालो.

"जाय म्हनलं ना तिकडं!" एवढ्या जोरात ते कधी बोलले नव्हते.

आई बांधावर बसली. मी उभा होतो. हँडल फिरल्याची खरखर आली, एक ठसका, पुन्हा खरखर, पुन्हा ठसका. आणि एकदम भिंतींच्या वर माणसाएवढी ज्वाळा उठली.

मी धावलो. दार ढकललं तर आतून पक्कं बांधलेलं. "काका! काका!" मी दारावर धक्के मारत होतो. आत वाळू पडल्याचा आवाज आला, ओलं गोणपाट आपटल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. भिंतीवरून काळा धूर तेवढा येत होता. बाग, फळं, विहीर, मला काही आठवत नव्हतं. हा म्हातारा माझ्यापायी गेला, एवढंच डोक्यात होतं.

मग आत कोणी खोकललं. आणि पुन्हा हँडलची खरखर आली.

इंजिन लागलं. धापा टाकल्यासारखं दोनचारदा चुकलं आणि मग एका लयीत चालू झालं. नळाने हवा ओकली, गढूळ पाणी ओकलं आणि मग पाटात पांढरंशुभ्र पाणी धो धो पडू लागलं.

दार उघडलं. अर्धी मिशी जळालेली, तोंड काजळलेलं, हातात दुपट्टा. त्याच दुपट्ट्याने त्यांनी दार आतून बांधलं होतं.

"दार कावून बांधलं तुमी?" मी ओरडलोच.

"तू धावला असता आत."

"मंग? नाही धावाचं?"

"तुले काही झालं असतं तं तुह्या मायनं कोनाकडं पाह्यचं?" दुपट्टा झटकत ते म्हणाले. "माह्यं काय हाय? मी गेलो तं घराले कुलूप लावा, झालं. कोनाची चूल थोडीच थांबते माह्यासाठी."

आई कधी माझ्यामागे येऊन उभी राहिली ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. ती धावत आली होती, पदर काट्याला लागून फाटला होता, आणि तिला दम लागला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "पोरगं तं माह्या बाजूलेच होतं बांधावर. मंग मी देवाले कोनासाठी हात जोडून बसली होती?"

नथ्थूजींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. मग पाटाच्या कडेला जाऊन बसले आणि तोंड धुऊ लागले. आई झाडांकडे वळली, मी इंजिनाकडे पाहत राहिलो. काजळी केव्हाच निघून गेली होती, तरी ते ओंजळीमागून ओंजळ पाणी चेहऱ्यावर मारतच होते.