चौदा नंबरच्या दाराचा झोळ

ओमाहा शहराबाहेरच्या मेडो रिज वसाहतीत चौदा नंबरच्या घराचं गॅरेजचं दार मध्यभागी दीड इंच खाली आलं असल्याचं गेल्या ऑक्टोबरमध्ये रहिवासी संघाच्या निदर्शनास आलं. निदर्शनास कुणी आणलं, हे गोपनीय आहे. संघाचा सचिव या नात्याने मला ते माहीत आहे, आणि बरोबर समोर राहणारा या नात्याने तर फारच नीट माहीत आहे.

घर व्हर्लिन स्टकीचं. चाळीस वर्षं सुतारकाम करून निवृत्त झालेला माणूस. दार दहा दिवसांत सरळ करण्याची नोटीस मिळाल्यावर भांडायचं सोडून त्याने दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, मधली फट मोजली आणि तडक माझ्याकडे आला.

"तुमचं बरोबर आहे, रसेल," तो म्हणाला. "सोळा फुटी लाकडी दार, मधे आधार नाही. वर जाऊन आडवं झालं की झोळ पडतो, मग चाकं रुळात अडकतात. आतून एक लोखंडी पट्टी मारतो. अर्ध्या तासाचं काम."

"अर्ज भरलास?"

"अरे, तुम्हीच लिहिलंय ना दुरुस्त कर म्हणून?"

"दुरुस्त कर असं लिहिलंय. दाराला हात लाव असं कुठे लिहिलंय?"

बायकोचा विषय काढत व्हर्लिन आवाज खाली आणून म्हणाला, "शुक्रवारी नॉर्मा घरी येतेय. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं. पुढच्या दाराला पाच पायऱ्या आहेत रे. गॅरेजमधून तिची चाकाची खुर्ची थेट स्वयंपाकघरात जाते. मी आत उतारसुद्धा बांधलाय."

विनापरवाना उताराची मी वेगळी नोंद करून घेतली.

संघाच्या अध्यक्षा लॉरेन टिबेट्स कर्तव्यदक्ष बाई आहेत. त्या दुसऱ्याच दिवशी पाणसळ घेऊन पाहणीला आल्या.

"ती पट्टी रस्त्यावरून दिसेल का?"

"आतून बसते ती," व्हर्लिन म्हणाला.

"पण दार उघडं असताना?"

"उघडलं की दार छताखाली जाऊन पडतं आणि पट्टी वर छताकडे बघते. दिसलीच तर उंदरांना दिसेल, लॉरेनबाई."

"म्हणजे उंदीर आहेत?" बाईंनी विचारलं आणि लिहून घेतलं.

यानंतर एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. नियमानुसार दार 'सरळ आणि वसाहतीतील अन्य दारांशी सुसंगत' असायला हवं. मग अन्य दारं कशी आहेत? तीन जणांची उपसमिती नेमली. तिने व्हर्लिनचीच दोरी मागून नेली आणि एकतीस दारांना लावून पाहिली. सगळी दारं एकाच बांधकामवाल्याची, एकाच वर्षातली आणि एकाच लाकडाची. एकूण एक दार वाकलेलं निघालं. उपसमितीने सरासरी काढली, ती सव्वा इंच भरली. एकतीस घरांना नोटिसा पाठवणं व्यवहार्य नसल्याने सव्वा इंच हा वसाहतीचा मान्य झोळ ठरला. ठराव एकमताने मंजूर झाला. हात मीही वर केला होता.

आता व्हर्लिनचं दार फक्त पाव इंचाने चुकत होतं. तेवढं आम्ही मोठ्या मनाने सोडूनही दिलं असतं. पण या गृहस्थाला दम निघाला नाही. दोरी परत मिळताच गुरुवारी सकाळी त्याने पट्टी मारली. दुपारी मी मोजमाप घेतलं, तर दारात केसाइतकाही झोळ नव्हता! ज्या दाराची तक्रार पाव इंचावर आली होती, ते एका सकाळीत सव्वा इंच चुकीचं झालं. मी त्यावर नारिंगी फीत चिकटवली. सुनावणीपर्यंत दार उघडायला मनाई. सुनावणी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असते. तो मंगळवार परवाच होऊन गेला होता.

शुक्रवारी दुपारी नॉर्माला घेऊन गाडी आली. आमची वसाहत मायाळू आहे. कुणी दवाखान्यातून घरी आलं की शेजारी शिजवून घेऊन जातातच. आम्ही नऊ जण जमलो, प्रत्येकाच्या हातात काचेचं गरम भांडं. माझ्या बायकोने टूना आणि नूडल्स केले होते, वर चीज.

व्हर्लिन फितीकडे निघाला.

"व्हर्लिन, नको," लॉरेनबाई कळवळून म्हणाल्या. "सील तोडलंस तर घरावर बोजा चढेल. मला फार वाईट वाटेल."

"चढू दे! बायको माझी—"

"राहू दे, व्हर्लिन," गाडीतून नॉर्मा म्हणाली. "या वयात घरासाठी कोर्टात उभं राहायचं नाहीये मला."

मग ती पाच पायऱ्या बसून चढली, दाराकडे पाठ करून. एका पायरीवर टेकायचं, दम घ्यायचा, मग वरची पायरी. व्हर्लिन तिचा पाय सांभाळत खालून येत होता. त्यामुळे तिचं तोंड सारा वेळ आमच्याकडेच होतं. तिसऱ्या पायरीवर ती थांबली.

"रसेल, तुझं दार किती वाकलंय?"

"पावणेदोन इंच," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

"छान. जप त्याला."

सुनावणी रीतसर झाली. घरमालकाची पत्नी पुढच्या दाराने घरात गेल्याचं नऊ साक्षीदारांनी सांगितलं, सबब गॅरेजच्या दाराची निकड सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. फीत अजून तिथेच आहे.

तुम्हाला माझा राग आला असेल. यायलाच हवा. पण ती फीत साधी कागदी होती, नखाने निघणारी. ती कुणीही काढू शकलं असतं. फक्त झालं असं, की सगळ्यांचेच दोन्ही हात गुंतलेले होते. तुम्ही असतात, तर काय शिजवून आणलं असतंत?