डाव्या सीटवरचे गायकवाड सर

आमच्या गल्लीत रोज सकाळी बरोबर सात वाजता एक गाडी सुरू होते आणि कुठेही जात नाही.

गाडी गायकवाड सरांची. जुनी, डिझेलवर चालणारी, कधीकाळी पांढरी असलेली. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गणित शिक्षक. शर्ट खोचून, बूट घालून ते डाव्या बाजूच्या सीटवर बसतात. मग गिअरवरून सगळं अंग आडवं टाकून उजवीकडची किल्ली फिरवतात, सरळ होतात, पट्टा लावतात आणि दहा मिनिटं समोर बघत राहतात. समोर आमच्या घराची भिंत आहे. शेवटी पुन्हा आडवे होऊन इंजिन बंद करतात आणि मला म्हणतात, "बरं झालं आज."

मी लेखक, चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला माणूस. डिझेलची अशी नासाडी मला बघवेना. राहायला आलो त्याच महिन्यात 'दहा मिनिटांचा धूर कुणासाठी?' असं पत्रक काढलं आणि सरांच्याच काचेवर चिकटवलं. संध्याकाळी ते लाल शाईनं तपासून परत आलं. शेरा होता : 'उत्तर बरोबर. रीत दाखवलेली नाही. दहापैकी चार.'

तेव्हापासून आमची दोस्ती.

सरांच्या गाडीला लिंबू-मिरची नाही. चाकापुढं नारळ फोडायला आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी नारळाचं घनफळ काढायला लावलं होतं. असला माणूस मला पूज्य. पण याच माणसाचा एक नियम होता : गाडीजवळ 'तुटला' हा शब्द उच्चारायचा नाही. पतंग असो, चपलेचा अंगठा असो, 'थकला' म्हणायचं.

"सर, ही अंधश्रद्धा झाली," मी एकदा भडकून म्हणालो.

"न्हाई रे. ही खबरदारी हाय. इंजिनात रबराचा एक पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. वरचं चाक अन् खालचं चाक त्याच्यामुळं एका ठेक्यात फिरतेत. तो थकला की वरच्या झडपा खालच्या दट्ट्यांवर आदळतेत. मग गाडी गेली भंगारात."

'भंगारात' म्हणताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, लहान पोराचे कान झाकावेत तसा.

आणि बेल्टची मुदत उलटून गेली होती. गेले तीन महिने मिस्त्री रहीमभाई फोन करत होते, "सर, गाडी गॅरेजला घिऊन या." सर रोज नवी सबब सांगायचे. चाकात हवा कमी हाय. पाहुणे येऊन राहिले. एके दिवशी मी ऐकलं, "आज जमत न्हाई, आज अमावस्या हाय."

मी पेटलो. "अमावस्या? सर, तुम्ही?"

फोन खाली ठेवून सर बुटांकडे बघत म्हणाले, "मला चालवता येत न्हाई रे."

चालवायच्या त्या सुमनताई, त्यांच्या पत्नी. आरोग्य केंद्रात नर्स होत्या. गाडी त्यांचीच. मागं लसींचा डबा ठेवून त्या गावोगाव जायच्या. सुट्टीच्या दिवशी सर डावीकडं बसून, त्यांना अहो-जाहो करत, वाट सांगायचे, बहुतेक वेळा चुकीची. त्या गेल्या त्याला तीन वर्षं झाली. आम्ही गल्लीत आलो त्याच्या आधीची गोष्ट.

शेवटी मीच रहीमभाईंना घरी बोलावलं. देगलूर नाक्यावरून ते मोटारसायकलवर सगळी हत्यारं घेऊन आले. गाडीचा किलोमीटरचा आकडा पाहून म्हणाले, "सर, गाडी फिरलीच न्हाई तर बेल्ट कायकू बदलायचा?"

"रबर किलोमीटरनं म्हातारं होत न्हाई, वर्षानं होतं. माणसासारखं. चल, काढ."

रहीमभाई जुना बेल्ट उतरवणार, तेवढ्यात सरांनी भिंतीवर खडूनं लिहायला घेतलं : पक्ष. साध्य. सिद्धता.

"याच्यापायीच नववीला सरांच्या हातून नापास झालो होतो मी," रहीमभाई माझ्या कानात पुटपुटले. मग पांढऱ्या रंगाची डबी काढून त्यांनी दोन्ही चाकांवर एकेक रेघ मारली. "आदी खूण, मग सोडायचं. खूण असली की परत जुळतं. एक दाता जरी इकडचा तिकडं झाला, तर खेळ खलास."

"शाबास. हे लिहिलं असतंस तर पास केलं असतं."

नवा बेल्ट चढला. रहीमभाईंनी पान्यानं इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं. सरांनी डोळे मिटून घेतले. रेघा पुन्हा जागेवर आल्या. सरांनी भिंतीवर लिहिलं, 'हेच सिद्ध करायचे होते', आणि मिस्त्रीच्या तळहातावर लाल शाईनं दहापैकी नऊ दिले. एक गुण अक्षरासाठी कापला.

"आता चालवून बघावं लागंल," रहीमभाई म्हणाले. "तुमी बसा, लेखक. मी मागं बसून आवाज ऐकतो."

मी उंचीला सहा फूट. सुमनताईंच्या सीटवर बसलो आणि गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंनी वर आले, खुराड्यातल्या शहामृगासारखे. मी सीटखाली हात घातला.

"सीट सरकवायची न्हाई," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर्गातला वाटला.

विष्णुपुरी धरणापर्यंत मी तशीच गाडी हाकली. वळण आलं की स्टिअरिंग आधी डाव्या गुडघ्याला विचारायचं, मग फिरायचं. मागून रहीमभाई, "आवाज मक्खन हाय!" डावीकडून सर, "म्हैस. पुढं म्हैस. हॉर्न नको, बिचकंल ती." आणि तीनदा, "आता उजवीकडं घ्या," अहो-जाहो करत. तिन्ही वेळा उजवीकडं रस्ता नव्हता.

धरणापाशी थांबलो तेव्हा मला उतरताच येईना. रहीमभाईंनी काखेत हात घालून ओढून काढलं. मी रस्त्याकडेला गुडघे चोळत बसलो. सर पाण्याकडं बघत होते. मग माझ्या गुडघ्यांकडं.

"रहीम, ती रंगाची डबी हाय का?"

डबी होती. सर उजवीकडचं दार उघडून गुडघ्यांवर बसले. सीटखालच्या पट्टीवर, सीट थांबली होती तिथं, त्यांनी एक बारीक पांढरी रेघ मारली. फुंकर घालून वाळवली. बोटानं वाळली का बघितलं, पुन्हा फुंकर घातली.

मग खटका दाबून सीट स्वतःच मागं सरकवली.

"बस," मला म्हणाले. "नीट पाय पसरून बस. उद्या सातला यायचं हाय तुला."