दगडूकाकांची कॉफी

आमच्या शेणव्यात दगडूकाका माणसं धरायचे. पोस्टमन, अंडीवाला, वाट चुकलेला विमा एजंट, कोणीही. दंडाला धरून ओट्यावर बसवायचे आणि कॉफी पाजायचे. धरणाच्या रेस्टहाऊसवर ते खानसामा होते. दक्षिणेकडच्या एका इंजिनीयरने बदलीच्या वेळी त्यांना पितळी फिल्टर दिला होता. वरच्या डब्यात पूड आणि उकळतं पाणी, खालच्या डब्यात थेंबथेंब काळा अर्क. मी चुळबुळले की म्हणायचे, “उतरू दे गो. तुझा काय मोर्चा चाल्लाय?”

माझा खरोखरच मोर्चा चाललेला असायचा. स्पष्ट सांगते, मला त्यांचा राग यायचा. धरण आमच्या दारात, पाणी मुंबईला, पाड्यातल्या बाया हंडे घेऊन टेकडी चढतात, आणि हा माणूस थेंब बघत बसतो. पत्रकावर सही मागितली की दूध उतू जातंय म्हणून आत पळायचे. एकदा मी त्यांना तोंडावर ‘बघ्या’ म्हटलं. त्यांनी माझ्या कॉफीत साखर वाढवली.

मे महिन्यात, पाड्याला नळ मिळावा म्हणून, आम्ही शहापूरला तहसील कचेरीसमोर उपोषणाला बसलो. दुसऱ्या दिवशी मंडपात मी एकटीच. बाकीचे डोळखांबला हळदीला गेले, तिथे पोटभर जेवले आणि आता कुठल्या तोंडाने उपोषणाला बसायचं म्हणून परतलेच नाहीत. मी उठले की आमचा नळ गेला, हे कचेरीतल्या शिपायालाही कळत होतं.

तेवढ्यात एसटीतून काका उतरले. स्टोव्ह, फिल्टर, दुधाची किटली. थेट ‘आमरण उपोषण’ लिहिलेल्या फलकाखाली त्यांनी स्टोव्ह पेटवला. वासाने कारकून बाहेर आले. काका, हे काय चालवलंय, मी दात खाऊन विचारलं.

“उपासाला कॉफी चालते गो. तुझी काकी संकष्टीला दिवसभर कॉफीवरच असायची.”

हा देवाचा उपास नाही, सरकारशी लढा आहे, एक घोट घेतला तरी लढा संपला, असं मी त्यांना भाषण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, भरलेल्या दोन्ही पेल्यांवर बशा झाकल्या आणि माझ्या शेजारी मांडी घातली.

दुपार झाली. तुम्ही तरी प्या, तुम्ही कुठे उपोषणाला बसलाय, मी म्हटलं.

“काकी गेल्यापासून एकट्यानं कदी घेतली नाय,” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “कोनी सापडला तर ठीक. नायतर ओतून देतो.”

पत्रकात असल्या गोष्टींना जागा नसते.

संध्याकाळी तहसीलदार साहेब घरी निघताना मंडपाशी थांबले. सकाळपासून बशांखाली सायीची सुरकुती धरलेल्या भरल्या पेल्यांकडे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, उपोषणाला आता किती जण आहात?

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “दोघं.”