लायडनला जायची परवानगी

हॉलंड मला तोंडपाठ होतं! सौदीत राबिघच्या रिफायनरीत ड्राफ्ट्समन होतो तेव्हा मी त्या देशावरची तीन पुस्तकं वाचली होती. कालवे, पूल, धरणं, काहीही विचारा! कोणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

१९९१ चा जानेवारी. आखाती युद्ध पेटलं आणि आमचे डच इंजिनिअर यायला तयार होईनात. मग नकाशे घेऊन मलाच डेल्फ्टला धाडायचं ठरलं. दहा दिवस, एकट्याने! मी, जो पाव आणायलासुद्धा दोनदा विचार करून निघत असे!

जेद्दाला, अझीझियातल्या आमच्या घरात, माझी बायको पद्मिनी खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावत होती.

"बाबा, पवनचक्कीसमोर फोटो काढा," क्षितिजा म्हणाली. "मी क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलंय. पण यू वोन्ट गो, आय नो!"

"जाणार म्हणजे जाणार!"

"इथलं युद्ध मी बघते," पद्मिनी म्हणाली. "तुम्ही तेवढं तिकडे हरवू नका."

डेल्फ्टमध्ये माझी खोली फान डाम बाईंच्या घरी होती. बाई सत्तरीच्या. मोकळा रविवार एकच, आणि मला पुस्तकात आवडलेली पवनचक्की होती लायडनला, आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. पण आम्हा सौदीवाल्यांचं कसं, दुसऱ्या गावाला जायचं तर कफीलचं, म्हणजे मालकाचं, पत्र खिशात हवं! दर आठवड्याला राबिघहून घरी जाताना मी ते नाक्यावर दाखवत असे. सात वर्षांत अंगवळणीच पडलं होतं. इथे माझा कफील कोण? रात्रभर विचार करून सकाळी न्याहारीला बाईंपुढे उभा राहिलो.

"मुलीसाठी पवनचक्कीसमोर फोटो काढायचाय. लायडनला जायची परवानगी मिळेल का?"

"जा की!"

"लेखी?"

बाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. मी चाचरत सगळं सांगितलं.

"आमच्याकडेही होतं असं," त्या हळूच म्हणाल्या. "जर्मन होते तेव्हा. मी विशीत होते."

मग माझ्याकडे निरखून पाहिलं, कागद घेतला आणि मला न कळणाऱ्या डचमध्ये पानभर लिहून सही ठोकली. शिक्का नव्हता. मी चुळबुळलो, तर त्यांनी खाली टपालाचं तिकीट चिकटवलं!

गाडीत तपासनीसाने तिकीट मागितलं. मी आधी पत्र दिलं. त्याने वाचलं, मला नीट पाहिलं आणि सगळ्या डब्याला मोठ्याने वाचून दाखवलं! माना वळल्या. समोरच्या आजींनी थर्मासमधली कॉफी पुढे केली. मी कॉफी पीत नाही. पण सरकारी कामात नाही कसं म्हणायचं? प्यायलो. मागच्या बाकावरूनही एक पेला आला. तोही प्यायलो.

लायडनला उतरलो तर समोर पोलीस! त्याने विचारायच्या आत मी पत्र पुढे केलं. त्याने वाचलं आणि माझा दंड धरला.

"चला!"

खलास! मला दिसू लागलं, मी डच तुरुंगात, नकाशे बेवारस, पद्मिनी युद्धात एकटी. पोलिसाने मला एका हॉटेलात नेलं, कॉफी आणि सफरचंदाचा केक मागवला आणि संपेपर्यंत पहारा दिला. मग पवनचक्की. फोटो त्यानेच काढला. "हसा!" म्हणाला. मी हसलो, कैदी हसेल तसा. चारच्या गाडीत त्यानेच बसवून दिलं.

परतल्यावर मी पद्मिनीला म्हणालो, "बाईंचं वजन काय सांगू! पत्र वाचून पोलीस सरळ होतो!"

युद्ध संपलं. हेंड्रिक नावाचा आमचा डच इंजिनिअर परत आला आणि घरी जेवायला आला. पद्मिनीने अभिमानाने पत्र त्याच्यापुढे ठेवलं. वाचता वाचता तो लाल झाला.

"अंकल, प्लीज, रीड इट!" क्षितिजा म्हणाली.

त्याने एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. 'हे गृहस्थ युद्धातून आले आहेत. फार लाजाळू आहेत. कुणाला काही विचारणार नाहीत, उलट उत्तरही देणार नाहीत. त्यांना गरम काहीतरी प्यायला द्या. पवनचक्कीसमोर मुलीसाठी फोटो काढा आणि अंधार पडायच्या आत डेल्फ्टच्या गाडीत बसवा. त्यांच्या घरी माणसं वाट पाहत आहेत.'

पद्मिनीने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "बाईंनी एका न्याहारीत ओळखलं हो! मला लग्नानंतर दोन वर्षं लागली."

यावर माझ्याकडे एक फर्मास उत्तर होतं. तीस वर्षं झाली, अजूनही आहे. पण गप्प बसलो. बाईंनी लेखी दिलेलं मोडायचं कसं?