नाकापर्यंतचा नंदी

"काका, माती न लावता नंदी घडवायचा असला, तर कोणता प्रोसेसर लागतो?"

बीडच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात सगळ्या माना एकदम वळल्या. प्रश्न विचारणारी होती कावेरी. वडवणीच्या शिवलिंगअप्पा भांडेवाल्यांची पोर, वय पंधरा, दहावी ब. पैज मैत्रिणींनी लावली होती. "शहरातल्या दुकानात, चार माणसांसमोर विचारून दाखव," वनमाला म्हणाली होती, "न्हाई विचारलंस तर वर्षभर आमच्या सगळ्यींच्या प्रयोगवह्या तूच लिहायच्या!" कावेरीनं विचारलं, आणि वर हनुवटीही उचलून धरली! गेल्या दिवाळीपर्यंत वर्गात हजेरी देताना या पोरीचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हता, हे आता कुणाला सांगून पटलं नसतं.

दुकानदार राधाकिशन यांनी चष्मा कपाळावर सारला. "नंदी?"

"पितळेचा. पर पितळ नंतर. आधी मी कॉम्प्युटरात घडवणार. पडद्यावर गोळा घ्यायचा, माउसनं दाबायचा, ओढायचा, शिंगं काढायची. मग उजेड कुठं कसा पडंल त्याचं मशीन ठिपक्याठिपक्याला गणित करतं अन् खऱ्यावानी चित्र काढतं. त्याला रेंडरिंग म्हणतात. तुमाला म्हाईत असंल!"

राधाकिशन यांना माहीत होतं. पण आजवर त्यांच्या गिऱ्हाइकांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. टायपिंग होतं का, आणि पत्ते खेळता येतात का.

"बेटा, पाचशे मेगाहर्ट्झचा घे. टायपिंगला जन्मभर पुरेल."

"टायपिंग कोण करतंय? माझ्या नंदीच्या गळ्यात सत्तावन्न घुंगरं हायत! आठशे सहासष्टचा दाखवा!"

कावेरीचे वडील अप्पा शेजारीच उभे होते; त्यांनी राधाकिशननं काढलेला तो चिमुकला प्रोसेसर दोन बोटांत धरला, त्याला नखानं टिचकी मारली आणि कानाशी नेला. तीस वर्षं घागरी विकलेला माणूस! टिचकीचा आवाज ऐकून घागरीची सगळी कुंडली सांगायचे. प्रोसेसर काही बोलला नाही.

"मुका हाय गं हा," अप्पा म्हणाले. "ताकदीची वस्तू हाताला लागती. ह्याच्यापरीस माझ्या तांब्याची झाकणी जाड!"

"अप्पा, ही घागर न्हाई!"

"बेटी बरोबर निवडतीये," राधाकिशन म्हणाले. झालं! कावेरीची छाती एवढी फुगली की परतीच्या एसटीत तिघांच्या बाकावर दोघंच मावले.

आता एवढं नंदीचं वेड कशाला, तर महादेवाच्या देवळाच्या कमिटीला पितळेचा नंदी करून घ्यायचा होता. अप्पांना ही ऑर्डर पाहिजे होती आणि बीडचा एक व्यापारीही टपून बसला होता. "ओतायच्या आधीच नंदी चहूबाजूंनी दाखवते," असं कावेरीनं कमिटीसमोर बेधडक सांगून टाकलं होतं. अप्पांनी मशीन घेतलं, पण अट घालून. "सोमवारी कमिटीला नंदी दिसला पायजे. न्हाई दिसला तर हा डबा दुकानात, बिलं छापायला. अन् तुझं हे येड कायमचं बंद!"

"दिसंल म्हंजी? झूल, घुंगरं, नाकातली येसण, समदं दिसंल!"

बुधवारी वनमाला घरी आली. "प्रोसेसर, प्रोसेसर ऐकून कान किटले. दाखव तरी!"

कावेरीनं पान्यानं डबा उघडला. प्रोसेसर दिसेना. त्याच्यावर खाचाखाचांचा एक ठोकळा आणि ठोकळ्यावर पंखा! तिनं कडी सरकवली, ठोकळा उचलून उलटा केला. खाली पांढरट, चिकट, वाळत आलेल्या चुन्यासारखं काहीतरी फासलेलं.

"अगं बाई!" वनमालानं नाकाला ओढणी लावली. "भांडेवाल्याच्या घरात असलं खरकटं भांडं?"

बास! शिवलिंगअप्पांच्या घरात मळका चमचासुद्धा राहत नाही. आई नीलाबाई तर पाहुण्यांच्या घरी गेली तरी त्यांची समई घासून ठेवून येते. आणि त्या घराण्याची लेक हे ऐकून घेणार? ठोकळा बघताक्षणी कावेरीनं ओळखला, जर्मनचा, म्हणजे आपल्या पातेल्यांचं ॲल्युमिनियम. तिनं पंखा वेगळा केला, प्रोसेसर ओढणीनं लखलखीत पुसला, आणि ठोकळा नेला मोरीत. राख! चिंच! काथ्या! अर्धा तास घासला. पाण्यानं धुतला, उन्हात वाळवला. असा चमकला की वनमालानं त्यात बघून टिकली नीट लावली!

"आता कसं?" कावेरी म्हणाली आणि सगळं होतं तसं बसवून टाकलं.

शुक्रवारपर्यंत नंदी घडला. मग तिनं रेंडरिंग सुरू केलं. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उमटायला लागली. शिंगांची टोकं आली. शिंगं आली. आणि... फट! मशीन बंद!

"लाईट गेली," अप्पा म्हणाले.

"डोक्यावर बल्ब चालू हाय, अप्पा!"

दुसऱ्यांदा कपाळापर्यंत आला. फट! नीलाबाईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. तिसऱ्यांदा घरातले दोन्ही टेबलफॅन मशीनसमोर लागले. अप्पा बनियनवर घामाघूम बसले आणि नंदी गारेगार वाऱ्यात डोळ्यांपर्यंत आला. फट! मग अप्पांनी डोकं चालवलं. उन्हाळ्यात रांजणाला गुंडाळतात तसं ओलं पोतं त्यांनी पडद्याच्या डब्यालाच गुंडाळलं. "म्या म्हणलंच हुतं, पाप्याचं पितर हाय ते! जड वस्तू घ्यावी!"

"प्रोसेसर माझा बरोबरच हाय!" कावेरी ओरडली. "घरच उलटं हाय!"

सोमवार उजाडला. कमिटीची पाच माणसं सतरंजीवर बसली. मधोमध अध्यक्ष विजयसिंह दादा, ज्यांच्या मिशीला अख्खा तालुका ओळखतो. नंदी उमटू लागला. शिंगं, कपाळ, डोळे... आज नाकसुद्धा! फट!

पाचही माना पडद्याकडं लांबल्या. मग दादांनी विचारलं, "पोरी, नंदी बसलेला हाय का उभा?"

"बसलेला! खालचं यायचंय अजून!"

"कुठून? उमापूरहून, एसटीनं?"

कमिटी हसून आडवी झाली! अप्पा उठले आणि त्यांनी वायरीला हात घातला. "डबा दुकानात."

"थांबा!" कावेरी वायरीवर पाय देऊन उभी राहिली. "चूक माझी न्हाई, अन् माझ्या निवडीची तर मुळीच न्हाई! त्या दुकानदारानं खोटा माल दिलाय! त्याच्या तोंडावर सांगते मी!"

"शाब्बास!" दादांना निवडणुकीसारखं स्फुरण चढलं. "आपल्या तालुक्याच्या लेकीला फसवतो म्हंजी काय! त्रिंबक, जीप काढ! दुकान सोडू नका अप्पा, आमी बघून घेतो."

अशा रीतीनं दादा, अख्खी कमिटी, डायवर त्रिंबक, मांडीवर मशीन घेतलेली कावेरी आणि साक्षीदार म्हणून वनमाला, असा फौजफाटा बीडच्या दुकानात घुसला.

"काढा खरा प्रोसेसर!" कावेरीनं मशीन टेबलावर आदळलं.

राधाकिशन यांनी डबा उघडला. ठोकळा काढला, उलटा केला. दुकानाच्या छतावर उजेडाचा कवडसा नाचला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कुणी घासलं?"

वनमाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

"म्या," कावेरी म्हणाली. आवाज पुन्हा गेल्या दिवाळीआधीसारखा झाला. "लई घाण बसली हुती."

"ती घाण न्हाई बेटा, पेस्ट! प्रोसेसर तापतो. ती पेस्ट त्याची धग वरच्या ठोकळ्यात उतरवते. पेस्ट गेली, मधे हवा राहिली, धग अडकली. जीव वाचवायला मशीन आपलं आपण बंद पडतं. नंदीच्या घुंगरांना त्याला जास्त राबावं लागतं, म्हणून जास्त तापतं. प्रोसेसर एक नंबर हाय. तुझी निवडही एक नंबर." त्यांनी ठोकळा उजेडात फिरवला. "अन् घासणं तर विचारूच नको!"

कमिटी दुसऱ्यांदा आडवी झाली. त्रिंबक जीपमध्ये जाऊन हसून आला.

राधाकिशन यांनी एका नळीतून मुगाएवढी पेस्ट लावली. तासाभरात नंदी खुरांपर्यंत उतरला. सत्तावन्न घुंगरं, झूल, येसण! दादांनी मिशीवरून हात फिरवला. "ऑर्डर अप्पाची. पर पोरी," जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ. आमी तोंड उघडत न्हाई." आणि वडवणी येईपर्यंत पाचही जण तोंड दाबून हसत बसले.

दारात अप्पा उभे होतेच, शेजारी नीलाबाई. अप्पांनी तोवर अर्ध्या बाजारपेठेत सांगून ठेवलं होतं की बीडचा दुकानदार चोर आहे.

"काय म्हणला तो चोर? कबूल झाला का?"

'हो' म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं! जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण मग बाजारात राधाकिशनकाका कायमचे चोर ठरले असते. कावेरीनं मशीन ओट्यावर ठेवलं, दुकानात छापून घेतलेला नंदीचा कागद अप्पांच्या हातात दिला, आणि हनुवटी परत वर केली.

"अप्पा, आई, म्या ठरवलंय. आधी हे ऐका, प्रोसेसर म्या बरोबरच निवडला हुता. चोर कुणीच न्हाई. आतलं औषध म्या घाण समजून घासून काढलं. घासायला मला ह्याच घरानं शिकवलं, तवा अर्धी चूक घराची! उद्या बाजारात जाऊन काकांचं नाव धुऊन यायचं, ते अप्पांनी. अन् दर रविवारी मी बीडला जाणार, काकांकडं मशीन जोडायला शिकायला. ठरलं म्हंजी ठरलं!"

अप्पा कागदावरचा नंदी बघतच राहिले. नीलाबाईला मात्र भलतीच काळजी. "अन् रविवारची भांडी?"

"रविवारचीच का म्हून? कुठल्याच वारची न्हाई!" कावेरी म्हणाली. "आजपासून मी ह्या घरात एक वाटीबी घासणार न्हाई. माझ्या हाताला लई चमक हाय, आई, यंत्रं जीव सोडतात!"