अजीजची दहा बटणं

बटणं लपवायला अजीज घरभर फिरला आणि शेवटी त्याने बायकोच्या शिलाईमशीनचा खण निवडला. चोराच्या डोक्यातसुद्धा येणार नाही अशी जागा, असं त्याला वाटलं. (शिंप्याच्या घरात बटणं ठेवायची हीच एक जागा असते, हे फक्त अजीजच्या डोक्यात आलं नाही.)

अजीज मूळचा लेडीज टेलर. औशाकडच्या एका गावात त्याचं दुकान होतं. भूकंपाच्या पहाटे दुकानाची दगडी भिंत मशीनवर येऊन बसली. अजीज त्या वेळी लातुरात घरी होता म्हणून वाचला. पण तेव्हापासून छपराखाली कामाला बसला की त्याची नजर वर जायची आणि टाका तिरका जायचा. पोलकं शिवायला टाकलेल्या बायका ते बघून दुसरीकडे जात.

"ज्याला भिंत न्हाई असा धंदा करतो," तो हुस्नाला, म्हणजे बायकोला, म्हणाला. मग जुनी जीप आली. लातूर ते नांदेड आणि नांदेड ते लातूर. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. पोरं इकडे आणि आईबाप तिकडे, त्यामुळे जीप भरत होती.

सात गाड्यांचे मालक हणमंतराव स्टँडवर भेटले की हटकायचे, "अजीज, माझ्याकडं ये. पगार ठरलेला. वर पंखा, डोक्यावर स्लॅब."

"स्लॅबच नको हाय, मालक."

गिऱ्हाईक हणमंतरावांकडे वळू नये म्हणून अजीजने बक्षीस काढलं. एका फेरीला एक बटण. दहा बटणं झाली की एक फेरी फुकट. नांदेडच्या वजिराबादेत एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे हिरवी काचेची, मधे सोनेरी ठिपका असलेली बटणं पडून होती. कारखाना कधीच बंद झालेला. असली बटणं दुसऱ्या कुणाकडे नाहीत, म्हणजे नक्कल होणार नाही, असा विचार करून अजीजने दोन डबे भरून सगळा माल उचलला. जीपच्या मागे रंगवून घेतलं : 'दहा बटणं, एक फेरी. अजीजची जबान.'

पहिलं बटण गेलं अर्धापूरच्या धोंडाबाईंना. नातू शिवम लातुरात क्लासला होता आणि त्या दर पंधरा दिवसांनी केळी घेऊन त्याला भेटायला जायच्या.

"बापू, माझी बटणं पोराला चालतील का?"

"जो आणील त्याची फेरी, मावशी. बटण कुठून आलं, मी इचारणार न्हाई."

दहावीतली मुलगी जिक्रा त्या दिवशी गाडीत होती. ती हळूच म्हणाली, "अब्बा, विचारलं पाहिजे."

"जबान म्हंजे जबान," अजीज म्हणाला.

जूनमध्ये हुस्नाला एका क्लासचं काम मिळालं. तीनशे शर्टांचं काज-बटण. गणवेशाची पट्टी हिरवी, बटणंही हिरवीच हवी होती. बक्षिसाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने खण उघडला तर समोर दोन डबे. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि नवऱ्याने न सांगता कामाची वस्तू घरात आणल्याची ही पहिलीच वेळ. त्या खुशीत तिने मटणाचा दालचा केला. अजीजने दोनदा मागून घेतला. कशासाठी केलाय, हे विचारलं नाही. (पानात चांगलं पडलं की तो कधीच विचारत नसे.)

पुढच्या सोमवारी सकाळी चौकात जीप उभी होती आणि क्लास सुटला. तीनशे पोरं बाहेर पडली. प्रत्येकाच्या छातीवर उन्हात सात-सात हिरवी बटणं चमकत होती.

अजीज गाडी तिथेच टाकून घरी पळाला.

"हुस्ना! खणातली बटणं?"

"लावली. किती शोभली, न्हाई?"

"अगं, ती बटणं न्हाईत!"

"अजी, मग काय हायेत? गोळ्या-बिस्किटं?"

"तिकिटं हायेत ती, तिकिटं!"

हुस्नाने सुई खाली ठेवली. "मंग तिकिटं शिलाईमशीनमध्ये कोन ठेवतं?"

जिक्राने कोपऱ्यात बसून वहीत हिशोब केला होता, तो तिने वडिलांसमोर धरला. तीनशे गुणिले सात, भागिले दहा. दोनशे दहा फेऱ्या.

"पोरांना काय कळतंय," अजीज म्हणाला.

पोरांना शनिवारी कळलं. शिवम पहिला आला. शर्ट टाचण्यांनी जोडलेला, मुठीत दहा बटणं. सात स्वतःची, तीन कुणा मित्राची.

"चाचा, घरी जायचंय."

अजीजला ओरडायचं होतं. पण त्या पोराच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि आवाज फाटला होता. अजीजने दार उघडलं. शिवम बसला आणि जीप सुरू व्हायच्या आत झोपला.

त्यानंतर रोज दहा पोरं यायची. कुणाच्या शर्टाला टाचण्या, कुणाच्या स्टेपलरच्या पिना, एकाने तर सुतळीच बांधलेली. गाडीत कुणी बोलायचं नाही. अहमदपूर येईपर्यंत सगळी एकमेकांच्या खांद्यावर पडलेली असायची. नांदेडहून परत येताना मात्र जीप रिकामी. लातूरला यायला कुणालाच बटणं खर्चायची नव्हती.

"ना म्हना की," हुस्ना म्हणायची.

"मागं रंगवलंय."

"पुसून टाका."

"रंग जाईल. जबान कशी जाईल?"

(हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्या दिवशी त्याने चार पोरं जास्तीची बसवली.)

डिझेल संपलं, मग टायर संपले. शेवटच्या आठवड्यात क्लासचे सर स्टँडवर आले आणि सगळ्यांदेखत विचारू लागले की माझी निम्मी बॅच आणि सगळी बटणं कुठे गेली. अजीजने जमा झालेली सगळी बटणं पिशवीत भरून त्यांच्या हाती दिली. त्याच संध्याकाळी विकलेली जीप हणमंतरावांच्या दारात उभी होती. मागची अक्षरं त्यांनी पांढऱ्या रंगाने पुसून घेतली.

अजीजला ड्रायव्हरकी मिळाली नाही. "तू कुनालाबी फुकट बसवतोस," हणमंतराव म्हणाले आणि त्याला नांदेडच्या बुकिंग ऑफिसात बसवलं. वर स्लॅब. अजीजने खुर्ची दारात ओढली. दोन पाय आत, दोन बाहेर. राहायचं तिथेच. महिन्यातून एकदा घरी जायला मालकांची फुकट फेरीची एक चिठ्ठी. ऑफिसचा शर्ट हुस्नाने शिवून पाठवला होता. बटणं? डब्यांच्या तळाशी उरलेली सात.

महिना भरला. चिठ्ठी खिशात घालून, जिक्रासाठी पेनांचं पाकीट घेऊन अजीज दुपारपासून तयार बसला होता. तेवढ्यात धोंडाबाई आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि टेबलावर दहा हिरवी बटणं मांडली.

"लातूर. पोरगं परत धाडलंय, पर जेवत न्हाई म्हनं."

"मावशी, आता हितं बटणं..."

"का? बटणं तीच हाईत की." त्यांनी एकेक बटण पुन्हा मोजलं. "मी एक बी कापून आनलं न्हाई बापू. धा खेपा केल्यात."

अजीजने दारातून घराकडच्या रस्त्याकडे पाहिलं. मग खिशातली चिठ्ठी काढली, स्वतःच्या नावावर काट मारून वर धोंडाबाईंचं नाव लिहिलं आणि पेनांचं पाकीट त्यांच्या केळीच्या पिशवीत ठेवलं.

"हे तेवढं माझ्या घरी द्या."

गाडी सुटताना धोंडाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुमी येत न्हाई का घरला?"

"येतो की. नंतर."

त्यांनी त्याच्या शर्टावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत मोजलं आणि त्यांना सगळं समजलं.

"सातच हाईत व्हय," त्या कळवळून म्हणाल्या. "र्‍हाऊ द्या बापू, तीनच तर कमी हाईत. व्हतील हळूहळू."