टायबर व्ह्यूचा जलसेतू

कोणत्याही नगराची थोरवी तिथल्या पाणीपुरवठ्यावरून ठरते. शारजातल्या आमच्या ‘टायबर व्ह्यू’ इमारतीची (खिडकीतून टायबर नदी नाही, टायरची दुकानं दिसतात) थोरवी वाढावी म्हणून मॅनेजमेंटने आवारात रोमन जलसेतू बांधायला घेतला. काम अस्सल व्हावं यासाठी माझ्या मेहुणीला, डॉ. रंजिताला, पुण्याहून बोलावलं. प्राचीन रोमला पाणी कसं मिळे, हे उकरण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं आहे. ती उतरली आमच्याकडेच.

सेतू देखणा झाला. कमानी, अचूक उतार, खळाळतं पाणी. ते वर चढवायला इमारतीचा एकुलता एक पंप तिकडे जोडला, त्यामुळे सगळ्यांचे नळ कोरडे पडले. एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नव्हती.

त्यातच आमच्या पर्णिकाच्या साखरपुड्याची बोलणी करायला मुलाकडची मंडळी यायची होती. माझी बायको सविता रिकामं पातेलं घेऊन बहिणीसमोर उभी राहिली.

“ताई, तुझ्या रोमन लोकांना विचार, चहा कशाचा करू?”

रंजिता बादली घेऊन खाली गेली. वॉचमनने अडवलं. “मॅडम, हात नहीं लगाने का. हेरिटेज है.” (ही सूचना तिनेच लिहून दिली होती.)

ती लालबुंद होऊन परत आली.

“मावशी, जस्ट स्टील इट! सरळ चोर ना!” पर्णिका म्हणाली.

रंजिता थबकली. मग तिने माझी गाडी धुण्याची नळी उचलली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट सेतूत सोडली. चहा झाला. मंडळी जेवली, हात धुतले आणि होकार देऊन गेली. सविता बहिणीच्या गळ्यात पडून रडली.

सकाळी मॅनेजर खैरुद्दीनभाई (आमचेच, रत्नागिरीचे) नळी बघून भडकले. “डॉक्टर, ही चोरी आहे!”

“चोरीच,” रंजिता म्हणाली. “रोममध्येही लोक सेतूला चोरून नळ्या जोडायचे. त्याशिवाय तुमचा सेतू अपुरा होता.”

“मग आधी नाही का सांगायचं? यल्ला, चला, पाटी लावा!”

नळीला पितळी मुलामा चढला, भोवती दोरखंड आला, आणि तिचं तोंड आमच्या खिडकीतून काढून खाली नव्याने बांधलेल्या कारंज्यात सोडण्यात आलं.

हे सगळं ऐकून कोणीही, आमचे नळ सुरू झाले का, असं अजून विचारलेलं नाही. फोटोला उजेड कधी चांगला असतो, हे मात्र सगळे विचारतात. तुमच्यासाठी सांगून ठेवतो: संध्याकाळी पाचनंतर. प्यायचं पाणी आपलं आपण आणावं.